खांद्याच्या एमआरआयमधील 'टीअर'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांधेदुखीविषयीच्या लिखाणात एमआरआयचा उल्लेख बहुधा अंतिम निवाड्याच्या थाटात होतो. झिजलेल्या खांद्याच्या बाबतीत तो तसा नसतो, म्हणून हे पत्र.

अशा खांद्याच्या अहवालात कूर्चा पातळ झाल्याची, हाडाच्या कडा वाढल्याची, कूर्चेखालच्या हाडात सूज व पोकळ्या असल्याची आणि रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याला वेढून तो फिरवणाऱ्या स्नायूंच्या, कंडरेत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यात) 'टीअर' (फाट) असल्याची नोंद एकाच सुरात येते. त्यातला 'टीअर' हा शब्द रुग्णाची झोप उडवतो. काहीतरी तुटले आहे आणि ते शिवलेच पाहिजे, असे त्याला वाटते. वस्तुतः १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले असता ३४ टक्के जणांत, आणि साठी ओलांडलेल्यांपैकी ५४ टक्के जणांत, असे टीअर आढळले होते. गळपट्टीच्या हाडाजवळच्या छोट्या सांध्याची झीजही अशीच, पुष्कळदा मुकी असते.

दुखणे झिजेचे की कंडरेचे, हे ठरवताना तपासणाऱ्याचा हात अनेकदा अधिक सांगतो. निव्वळ कंडरा फाटली असेल तर रुग्णाला स्वतः न उचलता येणारा हात दुसऱ्याने उचलल्यास बहुधा वर जातो; मुख्य सांधा झिजला असेल तर दुसऱ्याने फिरवूनही तो अडतो, विशेषतः बाहेरच्या बाजूला. (गोठलेल्या खांद्यात, म्हणजे 'फ्रोझन शोल्डर'मध्येही, हेच घडते; तिथे निवाडा साध्या एक्स-रेवर होतो, कारण झिजलेल्या सांध्यातले अंतर कमी झालेले त्यात दिसते, गोठलेल्यातले नाही.)

मग एमआरआय कशासाठी? सांधा बदलण्याचा विचार असेल तेव्हा त्याचे मोल मोठे आहे. रोटेटर कफ शाबूत असेल तर नेहमीच्या रचनेचा कृत्रिम सांधा चालतो. कफ निकामी होऊन स्नायूंत चरबी भरली असेल तर गोळा आणि वाटी यांची अदलाबदल केलेला 'रिव्हर्स' सांधा सहसा निवडावा लागतो. वयस्कांच्या अहवालात म्हणूनच 'टीअर' या शब्दापेक्षा स्नायूंच्या अवस्थेविषयीची ओळ आधी वाचावी.

अहवालाच्या तळाशी असलेली 'क्लिनिकली कोरिलेट करा' (प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहा) ही सूचना अनेकांना हात झटकल्यासारखी वाटते, पण रेडिओलॉजिस्टने रुग्णाचा हात हलवून पाहिलेला नसतो. त्याच्याकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर नुसते 'खांदेदुखी' न लिहिता वय, मार लागल्याचा इतिहास, अडणारी हालचाल आणि मनातली शंका एवढे चार शब्द डॉक्टरांनी लिहावेत, इतकीच विनंती.

आपला,
एक वाचक