कसदार मातीत आणखी काय आहे?

संपादक महोदय,

जुनी फळबाग तोडून प्लॉट पाडले की 'कसदार माती' म्हणून जाहिरात होते. पण १९४०च्या दशकात डीडीटी येईपर्यंत सफरचंदावरच्या अळीसाठी लेड आर्सेनेट हे शिसे आणि आर्सेनिक असलेले औषध फवारत. पानांवरून ठिबकलेले ते औषध खोडाभोवती मुरले. शिसे आणि आर्सेनिक कुजत नाहीत, फारसे खालीही उतरत नाहीत. वरच्या वीतभर थरातच बसून राहतात. मुले खेळतात, आपण मुळा-पालक लावतो, नेमके तिथे.

उपायही जपूनच करावा लागतो. शिसे बांधून ठेवायला फॉस्फेट घालावे, तर त्यानेच आर्सेनिक मोकळे होते. (एकाला धरावे तर दुसरे सुटते!) टेरिस व्हिटाटा हा नेचा आर्सेनिक शोषतो खरा, पण त्याला वर्षे लागतात आणि कापलेला पाला कंपोस्टात टाकता येत नाही. त्यापेक्षा उंच वाफे करून स्वच्छ माती भरणे सोपे.

नत्र-स्फुरद-पालाशाच्या नेहमीच्या माती परीक्षणात हे विष दिसत नाही. म्हणून झाडांच्या जुन्या ओळी आणि विशेषतः औषध कालवायची जागा, इथले नमुने धातूंसाठी वेगळे तपासून अहवाल खरेदीखताला जोडणे बंधनकारक करावे. खर्च विकणाऱ्याने सोसावा.

– एक वाचक