२३ नोव्हेंबरला नागपूरला या

नागपूर,
९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं जमत नाही म्हणून लिहून राहिली आहे. विषय काढला की बाबा "घे, तुझ्या आईशी बोल" म्हणतात, आणि आई म्हणते "त्यायले काहून चिडवतेस?" पत्र हातात आलं की तसं करता येणार नाही. आई, चष्मा लावून तूच वाच. बाबा उठून कोठ्याकडे गेले तर मोठ्यानं वाच.

बाबा, पाडव्याला गायगोधन आटोपल्यावर तुम्ही ओसरीवर बसून म्हणालात, "आता नागपूरला जाऊन काय फायदा? गेले ते फुकट गेले." समोर आत्याचा मुलगा बसला होता. तो काही बोलला नाही, उठून बैलाच्या गळ्यातल्या माळा सोडायला लागला. तुमच्या मनात वाईट नव्हतं हे त्यालाही समजतं. पण १९९४ च्या आपल्या गोवारी मोर्च्यात, २३ नोव्हेंबरच्या त्या चेंगराचेंगरीत, जी गेली ती त्याची आई होती.

तुमचा राग मला कळतो. आपल्या घरातली ती पत्र्याची पेटी मी लहानपणापासून पाहते. २४ एप्रिल १९८५ चा शासन निर्णय, ज्यात आपण गोवारी म्हणजे आदिवासींच्या यादीतले गोंड गोवारी नव्हेत असं सरकारनं लिहिलं. त्याची झेरॉक्स इतकी जुनी की अक्षरं पुसट झाली, पण तुम्हाला तोंडपाठ. मग मोर्च्यानंतर विशेष मागास प्रवर्गात घालून इतर जातींसोबत दिलेलं २ टक्के आरक्षण. न्यायमूर्ती दाणींच्या आयोगाची कात्रणं, ज्यात सरकारवर ठपका आला नाही. मग १४ ऑगस्ट २०१८, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींना अनुसूचित जमातीचे मानलं तो दिवस. त्या रात्री आपल्या गावात डफडं वाजलं, तुम्ही स्वतः नाचलात, टोंगळे दुखत असताना. आणि १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. यादीत जे लिहिलं आहे त्याचा अर्थ कोर्टानं वाढवायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून पेटी उघडली नाही, असं आई सांगते.

काकाच्या घरी तर एकाच चुलीवर दोन जाती झाल्या. मोठीचा प्रवेश २०१९ चा, म्हणून आदिवासी दाखल्यावरचा तिचा प्रवेश शाबूत राहिला, कारण दोन निकालांच्या मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या कोर्टानं काढून घेतल्या नाहीत. धाकट्याचा प्रवेश २०२१ चा, तो विशेष मागास. काका हसून सांगतो, पण ते हसणं बघवत नाही.

तरीही बाबा, एक विचारते. २०१८ ला तुम्ही म्हणाला होतात, "आज माझ्या बहिणीचा जीव सार्थकी लागला." तेव्हा मी काही बोलले नाही, सगळे आनंदात होते. पण मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. निकाल आपल्या बाजूनं लागला म्हणून तिचं जाणं बरोबर झालं, आणि विरोधात गेला म्हणून फुकट झालं, असं कसं? ११४ जण गेले, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. कडेवरच्या लेकराच्या मरणाचा हिशेब कोणत्या कोर्टाच्या कागदावर मांडायचा? दाखला मागणं वेगळं. ते तुम्ही मागा, मीही मागेन, आपला हक्क आहे. पण आत्याला त्या फायलीतून बाहेर काढा.

ती फायलीतली नव्हतीच. आईनं उन्हाळ्यात मला सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. रात्री लाइट गेली होती, आम्ही दोघी अंगणात खाटेवर होतो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई आपणहून बोलली. दिवाळीला माहेरी आलेली आत्या मोर्च्यासाठी थांबून गेली. तुम्ही गावच्या गुरांची बरदी सोडू शकत नव्हता. गावाची गुरं सकाळी आखरावर येतात ती येतातच, मोर्चा असो की मयत. शिवाय धानाचे पुंजणे रचायचे होते. म्हणून आपल्या घरून आई आणि आत्या गेल्या, आणि आम्ही दोन लेकरं आजीजवळ राहिलो. आत्यानं नागपूर कधी पाहिलं नव्हतं. ट्रकमध्ये ती उभीच राहिली, बसली नाही, सगळं दिसावं म्हणून. आणि ती दोहे म्हणत होती! गड्यांनी म्हणायचे दोहे, दिवाळीच्या ढालीपुढचे, ही बाई ट्रकमध्ये मोठ्यानं म्हणते, आणि मागच्या म्हाताऱ्या पदरात तोंड घालून हसतात. बाबा, तुम्हाला माहीत होतं तिला दोहे येतात? आई म्हणाली, लहानपणी तुमच्याच मागे गुरांकडे जाऊन शिकली होती.

पुढचं आईनं थोडक्यात सांगितलं, मीही वाढवत नाही. विधानभवनाच्या अलीकडे अडवलं. दिवसभर बसवलं. निवेदन घ्यायला कुणी आलं नाही. अंधारायला लागलं, लाठ्या चालल्या, लोक पळायला गेले तर समोर अडथळे आणि मागून गर्दी. आईच्या हातातून आत्याचा हात सुटला. पाचशेच्या वर लोक जखमी झाले, त्यात आई एक. दवाखान्यात तिला कुणीतरी तिचं नाव विचारलं तर तिनं आत्याचं नाव सांगितलं. आई, हे तू मला सांगितलंस आणि लगेच "लाइट आली वाटते" म्हणून उठलीस.

म्हणून तू नागपूरला शहिदांच्या स्मारकावर कधी येत नाहीस हे मला आता कळतं. त्याआधी मला वाटायचं, बाबाच जातात, आईला काही वाटत नाही. मी कधी तसं म्हटलं नाही, पण वाटायचं.

इथं रोज कामावर जाताना मी सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून जाते. आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. लोक घाईत नुसतं 'गोवारी पूल' म्हणतात. आमच्या लॅबमध्ये नव्यानं लागलेल्या मुलीनं विचारलं, "गोवारी कोण होते, स्वातंत्र्यसैनिक का?" तिला ते एका माणसाचं आडनाव वाटलं होतं. मला राग आला नाही, खरं सांगते. तिचा जन्मच २००० नंतरचा. जेवणाच्या सुट्टीत मी तिला सांगत बसले, तारीख, मोर्चा, आकडा. तिनं विचारलं, "तुमची आत्या कशी होती?" तेव्हा माझ्याजवळ ट्रकमधले दोहे सोडून काही नव्हतं. मी तेव्हा चार वर्षांची. फोटो एकच, लग्नातला, त्यात ती मान खाली घालून बसली आहे. नाकडोळेही दिसत नाहीत.

आत्याच्या मुलाजवळ तर तेवढंही नाही. तो तेव्हा पाच वर्षांचा होता. तुम्ही दोघांनी त्याला पोटच्यासारखं वाढवलं, माझ्याआधी त्याला जेवायला वाढलं, आणि त्याच्यासमोर आईचा विषय काढला नाही. त्याला त्रास होऊ नये म्हणूनच ना? आता त्याची मुलगी सहावीत आहे. ती त्याला विचारते, आजी उंच होती का, तिला राग यायचा का, ती मला काय म्हणाली असती. तो मला फोन करतो. मी आईला विचार म्हणते. आई म्हणते बाबांना विचार. बाबा म्हणतात फुकट गेले.

तर बाबा, तुम्ही यंदा या. घोषणा द्यायला नको, भाषण ऐकायला नको. त्या दिवशी झिरो माईलजवळ स्मारकावर भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतची घरं येतात, फोटो घेऊन बसतात, एकमेकांना ओळखतात. तिथं तुम्हाला सांगणं सोपं जाईल. घरी तुम्हाला गुरं आठवतात, पाणी आठवतं, उठायला हजार कारणं. तिथं बसावंच लागतं. त्या पोरीला तिची आजी सांगा. लहानपणची, गुरांमागची, तुमच्याशी भांडणारी. तुमच्याखेरीज आता ते कुणाला ठाऊक आहे?

आई, तुझ्यावर जोर नाही. तुला गर्दी सोसत नाही. तू माझ्या खोलीवर थांब, मी सुट्टी टाकली आहे, मी तुझ्याजवळ राहीन. बाबांना आतेभाऊ नेईल. आणि ऐनवेळी यावंसं वाटलं तर सकाळी लवकर जाऊ, गर्दी व्हायच्या आधी. फूल ठेवू आणि निघू.

टोंगळ्यांची काळजी करू नका. मेट्रोला लिफ्ट आहे. सीताबर्डीला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन झिरो माईल. बरदी आता काकाचा मुलगा पाहतो, तेव्हा ते कारण चालणार नाही. २२ ला दुपारच्या एसटीनं निघा, मी गणेशपेठ स्टँडवर येते. येताना जवसाची चटणी आणा, इथली मला आवडत नाही. आणि बाबांची रक्तदाबाची गोळी पिशवीत नको, खिशात ठेवा, मागच्या वेळी पिशवी ट्रंकेखाली गेली होती.

पत्र मिळाल्यावर फोन करा. पण बाबांनी करावा.

तुमची,
मोठी