शाळेतल्या डोळेतपासणीत पेन्सिलही हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांमधल्या नेत्रतपासणी शिबिरांत बहुतेक वेळा एकच प्रकार होतो. सहा मीटरवर तक्ता, एक डोळा झाकायचा, अक्षरे वाचायची, मग दुसरा झाकायचा. ६/६, म्हणजे दूरचे पूर्ण स्पष्ट दिसते, असे आले की मूल मोकळे. यातून दूरचे कमी दिसते का, ते कळते. पण दोन्ही डोळे मिळून जवळचे काम कसे करतात, ते यातून अजिबात कळत नाही. आणि मुले वाचतात ते हातभर अंतरावरून.

जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. दोन बाहुल्यांमध्ये ६ सेंमी अंतर धरले, तर सहा मीटरवर दोन्ही नजरांमधला कोन जेमतेम अर्धा अंश भरतो. ४० सेंमीवरच्या वहीसाठी तो साडेआठ अंश होतो आणि १० सेंमीवर तब्बल ३३. तक्त्यापुढे डोळे जवळपास सरळच असतात, त्यातही एक झाकलेला. वळण्यात खोट असली तर ती तिथे दिसणार कशी?

शिवाय हे वळणे एकाचे दोन दिसू नयेत एवढ्यापुरतेच नसते. वस्तू किती लांब आणि किती मोठी, हे ठरवताना मेंदू डोळे किती वळले याचाही हिशेब धरतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडले. प्रत्येक डोळ्याला आरशातून वेगळे चित्र दाखवणाऱ्या स्टिरिओस्कोप या उपकरणाचे हात त्यांनी असे फिरवले, की डोळ्यांतली प्रतिमा तेवढीच राहावी आणि वळणे मात्र वाढावे. वळणे वाढले तसे चित्र लहान दिसू लागले.

हे घरीही पाहता येते. दोन सारखी नाणी, एकच बाजू वर करून, मध्यापासून मध्यापर्यंत ६ सेंमी अंतराने टेबलावर ठेवा. डोळे ४० सेंमी वर. दोन्ही नाण्यांच्या मधोमध, डोळ्यांपासून २० सेंमीवर पेन्सिलीचे टोक धरा आणि टोकाकडेच बघा. नाणी चार दिसतील. पेन्सिल किंचित वरखाली केली की मधली दोन एकमेकांवर बसतात आणि तीन उरतात. नजर तशीच धरून ठेवली तर मधले नाणे टेबल सोडून वर, पेन्सिलीजवळ तरंगते आणि चक्क लहान झालेले दिसते. डोळ्यांतली प्रतिमा बदललेली नाही. पण डोळे २० सेंमीइतके वळलेत, वस्तू इतकी जवळ असून प्रतिमा एवढीच, तेव्हा वस्तूच लहान असणार, असा मेंदूचा हिशेब. नाणी एकमेकांवर बसण्याऐवजी एक वर, एक खाली दिसत असतील तर मान वाकडी आहे, ती सरळ करा. नाणी दोनाची चार होतच नसतील, तर एका डोळ्याचे चित्र मेंदू गाळत असण्याची शक्यता आहे, तपासून घ्यावे.

मुलांसाठी चाचणी याहून सोपी आहे. चष्मा असेल तर तो घालूनच करावी. पेन्सिलीवर लहानसे अक्षर चिकटवा. पट्टीचा शून्य नाकाच्या मुळाशी ठेवा (शून्य म्हणजे पट्टीची कड नव्हे, छापलेली रेघ). साधारण ४० सेंमीपासून (पट्टीच्या टोकाच्याही पुढून), नजरेच्या जरा खालून, सेकंदाला एक-दोन सेंमी इतक्या सावकाश पेन्सिल नाकाकडे आणा. अक्षर दोन दिसले तो आकडा लिहा. मागे नेताना पुन्हा एक झाले तो दुसरा. बहुतेक मुलांत पहिला आकडा ५-६ सेंमीच्या आसपास येतो. १० च्या पुढे गेला तर नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. चूक होते ती दोन ठिकाणी. मूल ‘पुसट’ दिसण्यालाच ‘दोन’ म्हणते, म्हणून फरक आधी समजावून द्यावा. आणि काही मुलांना दोन कधी दिसतच नाहीत. तिथे तपासणाऱ्याने मुलाचा डोळा बाहेर सरकतो का, हे स्वतः पाहायचे. एकदा करून थांबू नये. चार-पाच फेऱ्यांत आकडा वाढत जातो, तेव्हाच खरी खोट उघडी पडते.

चष्मा बरोबर असूनही वाचताना डोके दुखणे, ओळ चुकणे, अक्षरे हलणे, एक डोळा मिटून वाचणे, या तक्रारींना ‘अभ्यासाचा कंटाळा’ म्हणणे अन्यायाचे आहे. डोळे नाकाकडे वळण्यातल्या खोटीवर उपचार आहेत. अमेरिकेत २२१ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवडे दवाखान्यात करून घेतलेले व्यायाम घरी नुसती पेन्सिल नाकाकडे आणण्याच्या व्यायामापेक्षा बरेच सरस ठरले. मात्र त्याने वाचलेले जास्त समजू लागते, असे २०१९ च्या पुढच्या चाचणीत दिसले नाही. तेव्हा मार्क वाढवण्याच्या हमीवर कुणी पॅकेज विकत असेल तर पालकांनी पैसे भरू नयेत.

शिबिराच्या कार्डावर ‘दोन दिसले’ आणि ‘पुन्हा एक झाले’ असे सेंटीमीटरचे दोन रकाने छापावेत, एवढीच विनंती. साहित्य म्हणून एक पेन्सिल आणि ३० सेंमीची पट्टी पुरते.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट, पुणे