कडबा राहिलाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतलं ज्वारीवरचं पान वाचलं. लेख ज्वारीचा आणि फोटो बाजरीच्या कणसाचा! घाईत होतं, मान्य. ‘मिलेट’ हा शब्द 14 वेळा आलाय (मोजले), ‘कडबा’, म्हणजे कणसं काढून उरलेली ज्वारीची वाळली ताटं, गुरांची वैरण, एकदाही नाही. हे मात्र घाईचं नव्हे.

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, गेली 31 वर्षं नवी मुंबईत, कोपरखैरण्यात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही छापलंत, आभार. पण आमच्याकडे शाळू (रब्बीची ज्वारी) पेरायचा तो दाण्याइतकाच कडब्यासाठी. बहात्तरच्या दुष्काळानंतर वडिलांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून खरिपात हायब्रीड पेरून पाहिली. कणसं पावसात सापडून काळी पडली, ताटं कमरेएवढीच, कडबा कुठला निघणार? वडील म्हणाले, “माणसांनी रेशनची मिलो खाल्ली, बैलांनी काय खायचं?” (मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी तांबडी ज्वारी.) पुढच्या वर्षी परत मालदांडी, आमचा जुना शाळूचा वाण.

‘शेतकऱ्यांनी पुन्हा ज्वारीकडे वळावे’ असं लेखिकाबाई लिहितात. जरूर. आमच्याकडे शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. फेब्रुवारीत रान भेगाळलेलं, ताट हाताला कापतं, पायाला ढेकळं. मग कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, गंज रचायची. मजूर मिळत नाही म्हणून माझ्या चुलतभावाने ऊस लावला. बाईंनी एक पात उपटून दाखवावी, मी स्वखर्चाने गावी नेतो.

2023 साली आमच्या सोसायटीत मिलेट महोत्सव झाला होता. केक, नूडल्स, सगळं. मी उठून कडब्याचं विचारलं तर आहारतज्ज्ञ ताई म्हणाल्या, “काका, इथे गाय कोण पाळतं?” सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर सुचलं, ते तिथेच सुचायला हवं होतं: रोज सकाळी सहाला दाराशी दुधाची पिशवी येते, ती काय खाऊन येते?

शिवाय तुमच्या पाककृतीत पाकिटातलं पीठ ‘दोन महिने सहज टिकते’ म्हटलंय. टिकत असेल. विरी (चिकटपणा) गेलेल्या जुन्या पिठाची भाकरी थापून दाखवा. आमच्या सेक्टरातली गिरणी बंद झाल्यापासून हे दुःख मी रोज तव्यावर पाहतो.

माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं छापलंत. याही वेळी कापायचंच असेल तर भाकरीचं कापा, कडब्याचं ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, कोपरखैरणे