कागदावर अनाथ झालेली मुले

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या सक्तीच्या स्थलांतराचा विषय निघाला की ‘त्या काळी ते चांगल्या हेतूनेच केले होते’ असे म्हणून अनेक जण तो मिटवतात. ब्रिटनमधील धर्मादाय संस्थांनी घरच्यांपासून दूर, कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींत पाठवलेल्या मुलांपुरता तरी हा बचाव टिकत नाही, हे नोंदवण्यासाठी हे पत्र.

१८६९पासून सुमारे १ लाख मुले कॅनडात पोचवली गेली आणि तेथे बहुतेकांच्या वाट्याला शेतमजुरी किंवा घरकाम आले. १८७५मध्येच अँड्र्यू डॉइल या सरकारी निरीक्षकाने, एकदा शेतकऱ्याच्या हवाली केल्यावर या मुलांकडे कोणी फिरकतही नाही, असा अहवाल दिला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला गोरी लोकसंख्या वाढवायची होती आणि ब्रिटनमधील धर्मादाय संस्थांना आपली वसतिगृहे रिकामी करायची होती. दोघांचीही सोय झाली. मुलांना संत्र्यांच्या बागा आणि घोड्यावरून शाळेत जाण्याची स्वप्ने दाखवली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बिंडून येथे मात्र त्याच मुलांनी अनवाणी पायांनी दगड आणि चुना वाहून संस्थेच्या इमारती उभ्या केल्या. चुन्याने भाजलेल्या पायांच्या आठवणी त्यांनी पुढे चौकशीत सांगितल्या. लैंगिक अत्याचारांच्या साक्षी तर वाचवत नाहीत.

ब्रिटिश सरकारला काहीच ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. १९४८च्या बालक कायद्याने संस्थांमार्फत होणाऱ्या स्थलांतरावर नियम करण्याचा अधिकार गृहमंत्र्यांना दिला होता. ते नियम १९८२मध्ये झाले. ऑस्ट्रेलियाला जाणारी शेवटची मुले त्याआधी बारा वर्षे, १९७०मध्ये रवाना झाली होती! १९५६मध्ये ब्रिटिश सरकारच्याच पाहणी पथकाने ऑस्ट्रेलियातील काही संस्था मुलांसाठी अयोग्य ठरवल्या, पण पाठवणी थांबली नाही.

यातील सर्वांत क्रूर गोष्ट मला कागदपत्रांची वाटते. अनेक मुलांना तुमचे आईवडील वारले असे सांगण्यात आले आणि काही आयांना तुमचे मूल चांगल्या घरी दत्तक गेले असे. १९८६मध्ये नॉटिंगहॅमच्या समाजसेविका मार्गारेट हम्फ्रीज यांना ऑस्ट्रेलियातील एका महिलेचे आपल्या माणसांचा शोध घेण्याविषयीचे पत्र आले, तेव्हा कुठे या ‘अनाथां’चे नातलग शोधायला सुरुवात झाली. कित्येकांची आई खरोखरच हयात निघाली, कित्येकांच्या वाट्याला तिचे थडगे आले.

ऑस्ट्रेलियाने २००९मध्ये आणि ब्रिटनने २०१०मध्ये माफी मागितली. ब्रिटनमधील चौकशी आयोगाच्या २०१८च्या शिफारशीनंतर प्रत्येकी २० हजार पौंड देण्याचे ठरले, तेही १ मार्च २०१८ रोजी जिवंत असलेल्यांनाच. त्या तारखेआधी वारलेल्यांच्या वारसांना यातले काहीच मिळाले नाही. पाठवणीची शेवटची तुकडी आणि ही तारीख यांत ४८ वर्षांचे अंतर आहे, आणि तो विलंब मुलांनी केलेला नव्हता.

आपला,
एक नियमित वाचक