वैजूला, नवव्या पानाबद्दल

प्रिय वैजू,

आपल्या चित्रकथेचं तुझं स्क्रिप्ट श्रावणात आलं आणि आता तुळशीचं लग्नही उरकलं. मधल्या काळात तुझे दोन फोन उचलले नाहीत, एका मेसेजला नुसता अंगठा पाठवला. चिडली असशील तर चीड. तब्येत बरी, मनगट कुरकुरतं, चालायचंच. गप्प बसले कारण जे खटकलं ते फोनवर बोलले असते तर पाचव्या मिनिटाला तू तुझ्या लाडक्या झाकॉब्सला, चित्रांवर भरभरून मजकूर लिहिणाऱ्या त्या चित्रकथाकाराला, मध्ये आणला असतास आणि मग संध्याकाळ गेली असती.

गोष्ट चांगली आहे. आत्याचं कपाट, आबांचा अबोला, सगळं. पण ४६ पानांत चित्राला एकही काम उरलेलं नाही. पान ५, दुसरी चौकट घे. वरच्या निवेदनाच्या पट्टीत तू लिहिलंयस, ‘पाऊस कोसळत होता. आबा ओसरीवर एकटेच बसले होते.’ खाली माझ्यासाठी सूचना: पाऊस, ओसरी, आबा एकटे. मग मी तिथे काय करू, पावसाच्या रेघा मोजू? ‘चांदोबा’त हे चालायचं, कारण तिथे मजकूर यजमान आणि चित्र पाहुणं. चित्र झाकलं तरी राजाचं काय झालं ते कळायचंच. फ्रेंच बेदेचा, म्हणजे तिकडच्या चित्रकथेचा, तर कसच उलटा. चित्र झाकलं तर गोष्ट लंगडली पाहिजे, आणि मजकूर झाकला तरी.

आस्तेरिक्सचा लेखक गोसिनी टाइपरायटरवर चौकटवार लिहायचा, चित्रात काय दिसतं ते वेगळं, कोण काय बोलतं ते वेगळं. तू कागद उभा दुमडून तसंच कर, डावीकडे चित्र, उजवीकडे शब्द. डावीकडे जे लिहिलंस ते उजवीकडे पुन्हा आलं की उजवीकडचं खोड. मी पेन्सिल घेऊन करून पाहिलं. पहिल्या दहा पानांत ६३ पट्ट्या होत्या, १४ उरल्या. त्या चौदा मात्र सोन्यासारख्या आहेत.

आता तुझा झाकॉब्स. हो, माणूस बेल्जियन असला तरी लिहायचा फ्रेंचमध्ये. हो, १९४६ साली ‘टिनटिन’ साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकापासून त्याचे नायक ब्लेक आणि मॉर्टिमर पळत होते, आणि ते पळतायत हे वरच्या पट्टीतही लिहिलेलं असायचं. तरी तो थोर आहे, हेही कबूल. पण तो आधी ऑपेरात गायचा, बाई. त्या पट्ट्या म्हणजे गाणं आहे, नुसती माहिती नव्हे. तुझ्या पट्ट्या गात नाहीत, हजेरी घेतात. (हे वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं. भांडण इथे संपलं असं समज.)

मजकूर भरपूर असूनही चित्र उपाशी राहत नाही, हे बघायचं तर फ्रेंच चित्रकथाकार दाविद बे.चं ‘लासांसियाँ द्यू ओ माल’ पुन्हा काढ. सहा भाग, १९९६ ते २००३. भावाचा अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, डॉक्टर, वैदू, आहाराचे प्रयोग हे सगळं मजकूर कोरडेपणाने सांगत जातो: अमुक साली अमुक ठिकाणी गेलो. चित्रात मात्र तो आजार म्हणजे एक लांबलचक सर्पासारखं जनावर, भावाच्या अंगाला विळखे घालणारं. त्या जनावराबद्दल मजकूर चकार शब्द काढत नाही. बातमी एकाकडे, भीती दुसऱ्याकडे. तुझ्या आबांचा अबोला असाच वाटून घेता येईल. पट्टीत आत्याचा हिशेब चालू दे, दूध किती, भुसार किती, आणि चित्रात आबांची जागा पानागणिक दारापासून लांब सरकू दे. ते सरकतायत हे लिहायचं नाही. लिहिलंस तर मी खोडीन.

चौकटींचा आकार माझ्यावर सोडला आहेस, त्याबद्दल आभार, पण आकारही मजकूरच असतो. फ्रेंच चित्रकथाकार तार्दीने पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवर १९९३ साली अल्बम, म्हणजे चित्रकथेचं पुस्तक, केला, त्यात पानामागून पान फक्त तीन आडव्या चौकटी आहेत, एकाखाली एक. खंदकात माणसाला जेवढं दिसतं तेवढंच, रुंद आणि बुटकं. वर आभाळाला जागाच नाही. शंभरेक पानं तसंच वाचल्यावर मान आपोआप खाली जाते. कुठल्याही पट्टीत ‘गुदमरत होतं’ असं लिहून ते साधलं नसतं. तुझ्या माजघरालाही आडव्या चौकटी हव्यात आणि विहिरीला उभी, पानाच्या वरून खालपर्यंत एकच. विहिरीचं पान तू आठ चौकटींत चिरलंयस. आठ तुकड्यांत खोली दिसत नाही, आठ डबकी दिसतात.

आता नववं पान. खरी काळजी हीच, म्हणून तर पत्र. आत्या कपाट उघडते ती आठव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत, आणि आत काय आहे ते नवव्याच्या पहिल्या चौकटीत. पुस्तक उघड आणि बघ: आठवं डावीकडे, नववं उजवीकडे, दोन्ही एकदम समोर. वाचणाऱ्याचा डोळा आठवं वाचायच्या आधीच नवव्यावर फिरून येतो. कपाट उघडायच्या आत कपाट रिकामं झालं! टिनटिनचा एर्जे सुरुवातीला साप्ताहिकात दर आठवड्याला दोन पानं द्यायचा, त्यामुळे दुसऱ्या पानाच्या शेवटी वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवणं त्याला भागच होतं. अल्बम आले, आठवडा गेला, पण ते टांगणं पान उलटण्यात राहिलं. म्हणून गुपित नेहमी उजव्या पानाच्या तळाशी, म्हणजे विषम आकड्यावर, आणि उलगडा उलटल्यावर. तुला सगळं एका पानाने पुढे ढकलायला हवं.

कसं, तर पान वाढवून नाही, तुझी ४६ आणि शीर्षकाची दोन मिळून ४८ आधीच भरलीयत. ४८ पानांचा अल्बम ही काही कुणाची हौस नव्हे, सोळा-सोळा पानांच्या तीन घड्या एकत्र शिवल्या की ४८ होतात. ४९ वं पान हवं म्हटलंस तर छापणारा आणखी अख्खी घडी घ्यायला लावेल, आणि रिकाम्या पानांवर तू नक्की मनोगत लिहिशील. तिसरं पान फोड. तिथे गाडी, स्टँड, रिक्षा, वाडा, दार सगळं दहा चौकटींत कोंबलंयस. त्याची दोन पानं कर, चौकटी सहा आणि पाच, म्हणजे वाड्याला एक मोठी चौकट मिळेल. मग कपाट उघडेल नवव्याच्या शेवटी, दिसेल दहाव्यावर. तेवढ्यासाठी पुढचं एक पान कमी करावं लागेल, आणि ते कोणतं हे तुलाही माहीत आहे. मोनेबाईंचं भाषण.

त्या भाषणाबद्दल. बोलण्याच्या एका फुग्यात ४१ शब्द आहेत. मी मांडून बघितलं. अल्बमचं पान साधारण २२ बाय २९ सेंटीमीटर, त्यात चौकटींच्या चार आडव्या रांगा, म्हणजे एका चौकटीला जेमतेम सहा बाय सहा. त्यात एका ओळीत वीस-बावीस अक्षरं बसतात, ४१ शब्दांना बारा ओळी लागतात. ओळीला पाच मिलिमीटर धर. बारा गुणिले पाच, झाले सहा सेंटीमीटर. चौकट संपली, मोनेबाई फुग्यामागे गडप! फ्रेंचांना हे थोडं सोपं जातं, कारण त्यांचे फुगे बहुतेक मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात, क्वचित एखादा स्वरचिन्हाचा टोप, बाकी वर-खाली काही लोंबत नाही, ओळी एकमेकींना चिकटवता येतात. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. त्यांच्या चार ओळींच्या जागेत माझ्या हाताने तीनच बसतात. वीस शब्दांच्या वर फुगा जाऊ देऊ नकोस. आणि आधी जो बोलतो तो चौकटीत डावीकडे उभा असला पाहिजे, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींवरून जातात. पान १७ वर तू आत्याला उजवीकडे बसवून पहिलं वाक्य तिलाच दिलंयस. मी बाजू बदलून टाकलीय, कळव चालतं का.

पणजोबांच्या पत्राला मात्र एक गंमत करू. आस्तेरिक्समध्ये गॉथ लोक जाड गॉथिक वळणात बोलतात आणि इजिप्शियन थेट चित्रलिपीत. अक्षर स्वतःच पात्र होतं. पणजोबांचं पत्र आपण मोडी लिपीत ठेवू. आत्याला वाचता येत नाही, वाचकालाही नाही, दोघंही एकाच वेळी अडतात. तुझ्या त्या अर्ध्या पानाच्या ‘तिला काहीच उमगेना’ची मग गरज नाही. मोडी तुझ्या नानांकडून तपासून घे, माझा ‘ळ’ त्यांना कधीच पटत नाही.

रंगाचं तुझं म्हणणं मान्य. फ्रेंच चित्रकथाकार सातूफने ‘लाराब द्यू फ्यूत्यूर’मध्ये लिबियाला पिवळा, सिरियाला गुलाबी, फ्रान्सला निळा दिला आणि ‘इकडे सिरियात’ असं लिहायचा त्रास वाचवला. आपल्या वाई आणि दादरला दोन रंग पुरतील. तिसरा मागू नकोस.

एवढं लिहिलं आणि तुझं विचारलंच नाही. बदलीचं काय ठरलं? सासूबाईंचा दुसरा डोळा झाला का? ओजसच्या दहावीचं टेन्शन तू घेऊ नकोस, तो घेत नाही तर. डिंकाचे लाडू पोचले, डबा परत द्यायचा आहे, आठवण आहे.

तिसऱ्या पानाची दोन पानं करून आधी तीच पाठव, बाकीचं मागाहून. मी कपाटाची दारं काढून ठेवलीयत, एक बंद आणि एक किलकिलं. आत काय ठेवायचं ते दहाव्या पानाचं स्क्रिप्ट आलं की काढीन.

तुझी,
चारू

ता. क. झाकॉब्सचा दुसरा खंड माझ्याकडे नाही. तुझ्याच माळ्यावर बघ.