इंजिन नाही, तीच तर मजा आहे

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की कामशेतचं पॅराग्लायडिंग म्हणजे जिवाशी खेळ, डोंगरावरून उडी मारायची आणि वाऱ्याच्या भरवशावर खाली यायचं, त्यापेक्षा पाठीला इंजिन लावलेला पॅरामोटर बरा, निदान पाहिजे तिकडे जाता तरी येतं. मी हौशी पायलट आहे, म्हणजे सुट्टीच्या दिवशी भली मोठी बॅग घेऊन डोंगर चढणारा आणि वारं नसलं की तीच बॅग घेऊन मुकाट खाली उतरणारा, त्यामुळे उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

पहिलं म्हणजे उडी कोणीच मारत नाही हो. विंग म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख डोक्यावर आला, हवेने नीट भरला, की उतारावर काही पावलं पळायचं आणि पाय आपोआप सुटतात, आणि वारं चांगलं असलं तर खाली जायच्या ऐवजी माणूस चक्क वर जातो, टेक-ऑफला उभे असलेले मित्र खाली राहतात. नवीन माणूस इथेच गोंधळतो.

यात जादू काही नाही. पावसाळ्यात नाणेघाटचा उलटा धबधबा बघायला अर्धं पुणे जातं ना, तिथे काय होतं? वारं कड्याला धडकतं, पुढे जायला जागा नाही म्हणून वर चढतं आणि जाताना पाणीपण घेऊन जातं. तेच वारं, पण कितीतरी सौम्य, आम्हाला ऑक्टोबरपासून मे पर्यंत मिळतं (पावसाळ्यात उडणं बंद). हिवाळ्यात बरेचदा पूर्वेकडचं, आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपार कलली की समुद्राकडून पश्चिमेचं. पॅराग्लायडर हवेत सेकंदाला साधारण एक-सव्वा मीटर खाली येत असतो, आता उताराला लागून हवाच दोन मीटरने वर चढत असेल तर हिशोब तुम्हीच करा. डोंगराच्या पुढच्या बाजूला इकडून तिकडे आठच्या आकड्यात फिरत राहायचं, वळायचं ते नेहमी डोंगरापासून बाहेर, आणि डोंगराच्या पाठीमागे चुकूनही जायचं नाही कारण तिथे हवा खाली आपटत असते. समोरासमोर दोघं आले तर डोंगर ज्याच्या उजव्या हाताला त्याचा हक्क पहिला, दुसऱ्याने बाजूला व्हायचं. आणि होतात बरं का, पुण्याच्या चांदणी चौकात जे जमत नाही ते तिथे जमतं.

पण खरी चैन थर्मलमध्ये आहे. नांगरलेली काळी जमीन, कातळ, गावातले पत्रे उन्हाने तापतात, त्यांच्यावरची हवा गरम होते आणि कधीतरी सुटून वर निघते. ती दिसत नाही. घारी दिसतात. एक घार पंख न हलवता गोल फिरत वर चाललीय म्हणजे तिथे काहीतरी आहे, मग आपण हळूच तिकडे सरकायचं, व्हेरिओ (आपण वर चाललोय की खाली ते आवाजाने सांगणारं यंत्र) आधी गप्प असतो मग एकदम पिप पिप सुरू करतो, हार्नेसची, म्हणजे आपण बसतो त्या पट्ट्यांच्या आसनाची, एक बाजू किंचित उचलली जाते, त्याच बाजूला वळायचं आणि त्या गरम हवेच्या मध्यात राहायचा प्रयत्न करायचा. घार फक्त शेपूट जराशी पिळते आणि वर जाते, आपण दोन्ही हातांनी ब्रेकच्या दोऱ्या ओढत घामाघूम होतो तरी ती पुढेच. वर गेल्यावर गारवा लागतो, पवनेचं पाणी सगळं एका नजरेत येतं आणि हे सगळं एक थेंब पेट्रोल न जाळता, नुसतं हवा ओळखून मिळालंय हे कळतं तेव्हा जो आनंद होतो ना, तो इंजिनवाल्याला कसा समजावू?

घारीचंच काय, 2020 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातल्या काँडोर गिधाडांवर अभ्यास प्रसिद्ध झाला. हे पक्षी 15 किलोपर्यंत वजनाचे असतात, पण उडण्याच्या एकूण वेळेपैकी जेमतेम 1 टक्का वेळच पंख मारतात, तेही जास्त करून जमिनीवरून उठताना. एक तर पाच तासांहून जास्त, सुमारे 172 किलोमीटर, एकदाही पंख न मारता गेला. आपली गिधाडंसुद्धा सकाळी ऊन तापेपर्यंत कड्यावर बसूनच असतात.

आणि त्या गृहस्थांना ऑरव्हिल राइटची आठवण करून द्यायची आहे. 1903 मध्ये इंजिनचं विमान उडवलं त्यानेच, पण 1911 च्या ऑक्टोबरमध्ये तो परत त्याच किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवर गेला, बिनइंजिनाचा ग्लायडर घेऊन, आणि नुसत्या वाऱ्यावर 9 मिनिटं 45 सेकंद वर राहिला. हा विक्रम पुढे साधारण दहा वर्षं टिकला. ज्याच्याकडे इंजिन होतं त्यालाही हे करून बघावंसं वाटलं! आणि 2018 मध्ये अर्जेंटिनात पर्लान 2 नावाचा ग्लायडर डोंगरामागे, पण खूप उंचावर, उठणाऱ्या हवेच्या लाटांवर 76 हजार फुटांच्या वर गेला, म्हणजे प्रवासी विमानांच्या जवळपास दुप्पट उंचीवर.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात मनिला इथे एवा विश्निएर्स्का ही पॅराग्लायडिंग पायलट वादळी ढगात ओढली जाऊन जवळपास 10 किलोमीटर उंचीवर पोचली, बेशुद्ध झाली, तरी वाचली, त्याच ढगात सापडलेला दुसरा पायलट मात्र गेला. वळवाचे ढग चढायला लागले की गुपचूप खाली यायचं, यात शौर्य दाखवायला जागा नाही. पण ढग काय इंजिन बघून सोडत नाही, पॅरामोटरवाल्यालाही तेव्हा जमिनीवरच असावं लागतं.

तेव्हा त्यांना माझं आग्रहाचं आमंत्रण आहे, मार्च-एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर या, टँडम घ्या (म्हणजे एकाच पॅराग्लायडरवर पायलट आणि तुम्ही), आणि पायलटला आधीच सांगा की गोल गोल गरगरवू नको, सेल्फी स्टिकपण नको, रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेलगत, जरा निवांत फिरव. वारं बरोबर नसलं तर तो सरळ नाही म्हणेल, तेव्हा मात्र कृपा करून त्याच्याशी भांडू नका.

आपला,
एक हौशी पायलट, पुणे